व्हिडिओत अडकलेला हात

आमच्या जिल्ह्यातल्या कबड्डी पंचांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. सकाळी त्यात गुलाबाची फुलं येतात, दुपारी कुणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि संध्याकाळी सामन्यांचे व्हिडिओ. कुठल्याही गावात स्पर्धा असली की कुणी ना कुणी मोबाइलवर सामना काढतोच. तो व्हिडिओ मागवायचा, वादाचा निर्णय तेवढा कापून ग्रुपवर टाकायचा आणि पंच कुठे चुकला ते सगळ्यांनी लिहायचं, अशी आमची पद्धत. मग महिन्यातल्या एका रविवारी वर्ध्याला एका शाळेच्या हॉलमध्ये वर्ग भरतो आणि तेच तुकडे पडद्यावर दाखवतात. सुरुवातीला मला हे फार आवडलं होतं. दुसऱ्याची चूक मोठ्या पडद्यावर, सावकाश, पुन्हा पुन्हा पाहायला कुणाला आवडत नाही? मी पहिल्या रांगेत बसायची आणि सगळ्यांच्या आधी बोलायची.

मग एका रविवारी पडद्यावर मी आले.

मी आंजीकडच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. कॉलेजात कबड्डी खेळायची. गुडघा गेला तेव्हा रडून घर डोक्यावर घेतलं होतं. तेव्हा सरांनी मला पंचाच्या परीक्षेला बसवलं. सर म्हणजे सेलूचे निवृत्त क्रीडाशिक्षक. जिल्ह्यातले निम्मे पंच त्यांनी घडवले. वर्गही तेच घेतात. शिट्टी कशी धरायची, रेषेपासून किती हटून उभं राहायचं, गावचे लोक अंगावर आले तर चेहरा कसा ठेवायचा, हे सगळं मला त्यांनी शिकवलं. बाई पंच म्हटल्यावर सुरुवातीला लोक हसायचे. सर एकदाच मैदानाच्या मधोमध उभे राहून म्हणाले होते, "हसाचं असंन त घरी जाऊन हसा." त्यानंतर माझ्यासमोर तरी कुणी हसलं नाही.

सरांनी शिकवलेली आणखी एक गोष्ट आहे, ती नियमांच्या पुस्तकात नाही. कबड्डीत मैदानाच्या दोन बाजूंना दोन पंच समोरासमोर उभे असतात आणि त्यांच्यावर एक सरपंच. पुस्तक म्हणतं, ज्याला दिसलं त्याने निर्णय द्यावा, ज्याला दिसलं नाही त्याने गप्प राहावं. पण पुस्तक लिहिणारा कधी आमच्याकडच्या गावात निम्म्या गावासमोर पंच म्हणून उभा राहिला नसणार. एका पंचाने हात वर केला आणि दुसरा नुसता पाहत राहिला, की लोकांना तेवढीच फट पुरते. "हा देते अन् थो देत नाई, म्हंजे घोटाळा हाय," म्हणत पब्लिक सरळ मैदानात. म्हणून आमच्यात एकाचा हात वर गेला की समोरच्यानेही लगेच वर करायचा. याला आम्ही साथ देणं म्हणतो. दिसलं की नाही हा प्रश्न तेव्हा विचारायचा नसतो. सगळे देतात. सगळ्यांना ठाऊक आहे की सगळे देतात. वर्गात मात्र हे कुणीही बोलत नाही, कारण तिथे पुस्तकाप्रमाणे शिकवायचं असतं.

तो सामना जामच्या पुढच्या एका गावातला, उपांत्य फेरीचा. दिवसभर सामने चालले होते, नागपूरकडूनही पंच बोलावले होते आणि प्रत्येक सामन्याला आमच्या जोड्या बदलत होत्या. या सामन्याला एका बाजूला मी आणि माझ्या समोर सर. सरपंच यवतमाळकडचा, आमच्या ग्रुपमध्ये नसलेला. खेळ संपत आला होता. जामकडच्या एका पोराने चढाई केली आणि परत फिरताना त्याला चौघांनी मिळून धरलं. पकड पडली ती सरांच्या बाजूला, अगदी त्यांच्या पायाशी. पोरगा दम न सोडता मध्यरेषेकडे हात लांबवत होता. रेषेला बोट लागलं तर तो सुटला आणि धरणारे चौघे बाद. नाही लागलं तर तो बाद आणि सामना गेला. माझ्या आणि त्या बोटांच्या मध्ये चार पाठी होत्या. मला काही दिसत नव्हतं. मी सरांकडे पाहिलं. सरांची शिट्टी वाजली, सरांचा हात वर गेला, पोरगा बाद. मी साथ दिली. सरपंचाने दोन हात पाहिले आणि निर्णय दिला.

पोरगा जमिनीवर हात आपटत राहिला. त्याचे सोबती ओरडले, भांडले, शेवटी सामान उचलून निघून गेले. असं होतंच, म्हणून मी पाण्याची बाटली उघडली.

व्हिडिओ काढणारा नेमका सरांच्या मागे उभा होता. त्याने मोबाइल पुढे करून पकड जवळून घेतली, त्यामुळे सर चित्राच्या बाहेर राहिले. चित्रात काय आहे तर मध्यरेषा, रेषेच्या पलीकडे स्वच्छ गेलेली पोराची बोटं आणि त्या सगळ्याच्या पार मागे, पांढऱ्या शर्टात, टोपी घालून, हात उंच करून उभी असलेली मी. इतकं ठळक, इतकं मूर्ख चित्र मी माझं दुसरं पाहिलेलं नाही.

वर्गात लॅपटॉपवर बसलेल्या, जिल्हा संघटनेच्या सचिवांनी ते तिथेच थांबवलं. सर पडद्याशेजारी उभे होते.

"सांगा, काय दिसते?" सरांनी विचारलं.

"सर, चढाईवाल्याचे बोटं रेषेच्या पल्याड गेले हायेत. एकदम साफ," मागून कुणीतरी म्हणालं.

"अन् पंच काय करून राह्यला?"

"पंच नाई सर, मॅडम हायेत. आउट देऊन राह्यल्या." हॉलमध्ये हशा पिकला.

"मॅडमच्या जागेवरून रेषा दिसते काय?"

"कायची दिसते सर! मधात चार पोट्टे हायेत."

सर माझ्या दिशेला वळले. "मंग तुनं हात काऊन वर केला?"

मी उभी राहिले. काय सांगणार होते? साथ दिली म्हणावं तर पुढचा प्रश्न ठरलेला, कुणाला? समोर तेच उभे होते. सरांनीच पुढे विचारलं, "समोरचा पंच कोन होता?" आणि मला कळलं की त्यांना आठवत नाही. दिवसभरात इतके सामने, इतक्या जोड्या, त्यांना खरंच आठवत नाही.

"लक्षात नाही, सर," मी म्हटलं.

"त्या दिवशी जोड्याईचा गोंधयच होता," सर म्हणाले. "पन तुही चूक तुले सांगता आली पाह्यजे. विचार करून सांगजो."

आजूबाजूला बसलेल्यांपैकी प्रत्येकाला ठाऊक होतं की मी साथ दिली असणार. त्यातल्या कितीतरी जणांनी मागच्याच आठवड्यात दिली असेल. सगळे खाली पाहत होते आणि मी त्यांच्याकडे. मी पडद्यावरही हात वर करून उभी होते, सचिव पुढे सरकवायला विसरले होते. त्या वेळी मला त्या खोलीतल्या एकूण एक माणसाचा राग आला, सरांचा सोडून. सरांचा राग नंतर आला.

तो तुकडा चांगला होता, म्हणजे शिकवायला चांगला. म्हणून तो दर वर्गात यायला लागला. नवीन पंच आले की पहिला तोच. मग शेजारच्या जिल्ह्यांनी मागवला. केळझरला एका स्पर्धेला गेले होते, तर तिथे एक अनोळखी पंच हात जोडून म्हणाला, "मॅडम, तुम्हाला कुठंतरी पाहिलं आहे." मी म्हटलं, "पाहिलं असेल." त्याला थोड्या वेळाने आठवलं आणि तो बिचारा माझ्यापेक्षा जास्त लाजला. शाळेत मुलींना नियम शिकवताना हात वर करायची वेळ आली की माझा हात अर्ध्यावर थांबायचा. मैदानात मी साथ द्यायचं सोडून दिलं. एका गावात त्यावरून पब्लिक आत शिरलं आणि माझा जोडीदार मला म्हणाला, "मॅडम, तुमच्यासंग उभं राहाची भीती वाटते आता." म्हणजे हात वर केला तरी मी चुकीची आणि नाही केला तरी चुकीची.

नवरा एसटीत कंडक्टर आहे. त्या उपांत्य सामन्याच्या दिवशी तो मला घ्यायला मोटारसायकलवर आला होता. माझ्या मागे, दोरीपाशी उभा होता. घरी लेकीला दाखवायला म्हणून त्यानेही थोडं शूटिंग केलं होतं आणि नेहमीप्रमाणे विसरून गेला होता. मोबाइल भरला म्हणून पुसायला बसला तेव्हा त्याला ते सापडलं. त्यात रेषा दिसत नाही, बोटं दिसत नाहीत. दिसते माझी पाठ आणि समोर सर. सरांचा हात वर जातो. मग माझा जातो. कुणालाही, अगदी लेकीलाही कळेल इतकं ते सरळ आहे.

"टाक ग्रुपवर. एका मिनिटात सुटतं तू," नवरा म्हणाला.

"नाही टाकायचं."

"काऊन?"

कारण तोवर मला सरांच्या डोळ्यांचं कळलं होतं. त्यांच्या सुनेचा एकदा फोन आला होता. "ताई, ग्रुपवर येवढं लिहत नका जाऊ ना. बाबा समदं मले वाचून दाखवाले लावतात, माह्या पोया करपतात." आम्ही दोघी हसलो. मग ती आवाज खाली आणून म्हणाली, बाबांना काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, गेली ती नजर परत येत नाही, राहिली ती सांभाळा. बाबांनी कुणाला सांगायचं नाही म्हणून घरात शपथ घातली आहे. फोन ठेवल्यावर मला वर्गातलं एकेक आठवत गेलं. सांगा, काय दिसते? पंच काय करून राह्यला? तिथून रेषा दिसते काय? आम्हाला वाटायचं, ही सरांची शिकवायची रीत आहे. एक जण तर त्यांची नक्कलही करायचा. पडद्यावर काय चाललं आहे ते सर आमच्याकडून काढून घेत होते.

बायको गेल्यापासून सरांचं मैदानावाचून दुसरं काही राहिलेलं नाही. दर शनिवारी ते स्वतः शर्टाला इस्त्री करतात. तो व्हिडिओ ग्रुपवर गेला असता तर सगळ्यांनी आधी हात पाहिला असता आणि मग हा प्रश्न विचारला असता की पायाजवळची बोटं सरांना दिसली कशी नाहीत. त्यानंतर त्यांना कुणी रेषेवर उभं केलं नसतं.

आणि नाही टाकला तर माझं जात होतं. त्या वर्षी राज्याच्या यादीसाठी जिल्ह्यातून एका बाई पंचाचं नाव जायचं होतं. नाव माझंच होतं, दुसरं कुणी नव्हतंच. पण शिफारस सरांची लागते आणि सरांनी सचिवांना सांगून ठेवलं होतं, "थांबा. तिनं चूक सांगतल्याशिवाय नाव धाडाचं नाई." त्यात डूख नव्हता, हे मला कळत होतं. त्यांना माझ्याबद्दल सगळ्यात जास्त वाटायचं, म्हणूनच ते अडून बसले होते. हेच मला सहन होत नव्हतं. वाईट माणसाने अडवलं असतं तर मी त्याला असं झाडलं असतं की गावभर ऐकू गेलं असतं.

मी मोबाइल उघडायची, नवऱ्याने मला पाठवलेला तो व्हिडिओ पाहायची, बंद करायची. भाजी चिरताना पाहायची. बसमध्ये आवाज बंद करून पाहायची. नवरा एकदा चिडून म्हणाला, "तू त्याईच्यासाठी फासावर काऊन चढून राह्यली? त्याईनं तुले सोडलं काय?" मी भांडी आपटली. तो बरोबर बोलत होता म्हणून जास्त आपटली.

शेवटी त्यानेच घोळ घातला. यादी पाठवायची मुदत जवळ आली तशी त्याने मला न विचारता सरांना फोन लावला. व्हिडिओत कोण आहे ते नाही सांगितलं, एवढी अक्कल ठेवली. "दुसऱ्या बाजूनं काढलेला व्हिडिओ हाय सर, एकदा पाहून घ्या," इतकंच. लगेच सरांचा मला फोन. "उद्या घरी ये. थो व्हिडिओ घेऊन ये." मी नवऱ्याशी त्या दिवशी बोलले नाही. सेलूला एकटीच गेले. जाताना ठरवलं होतं की व्हिडिओ पुसला गेला म्हणायचं आणि न पाहता हात वर केला, माफ करा, असं सांगून मोकळं व्हायचं. पुसायची हिंमत मात्र बसमधून उतरेपर्यंत झाली नाही.

सर अंगणात खुर्चीवर बसले होते. सून ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती.

"आनला काय?" सरांनी हात पुढे केला. मी काही म्हणायच्या आत हात पुढे आला होता, आणि त्या हातात मी आजवर काही ठेवलं नाही असं कधी झालं नव्हतं. मी व्हिडिओ लावून मोबाइल दिला.

सरांनी तो नाकाशी धरला. मान थोडी डावीकडे, मग उजवीकडे, अशी चित्राचा एकेक भाग शोधत फिरवली. एकदा पाहिलं. मला पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा पाहताना त्यांचा चेहरा उजळला.

"अवो, याचा हात पयले गेला! तुहा त मांगून गेला."

"हो, सर."

"म्हंजे तू साथ देली."

"हो, सर."

"मंग येवढे दिवस मूग गियून काऊन बसली होती?" सर हसायला लागले. इतके खूश मी त्यांना कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. "मले रोज वाटे, ह्या पोरीले मी असं शिकवलं काय? न पाहता, सोताच्या मनानं हात वर कराले? साथ देली त गोष्ट अलग हाय. तुहं नाव उद्याच धाडतो."

मी हसले असेन.

सरांनी पुन्हा मोबाइल डोळ्यांशी नेला. "अन् ह्या बाप्पाले पाह्य! रेषेवर उभा हाय, पोट्ट्याचे बोटं याच्या पायापाशी, अन् याले दिसत नाई. याचे डोये गेले हायेत. अशा मानसानं सोताहून मैदान सोडावं, दुसऱ्यानं सांगाची वाट काऊन पाहाची? पोट्टे मेहनत करतात, अन् हे शिट्टी घेऊन उभे." त्यांना खरोखरच राग आला होता. "कोन हाय हा? आपल्यातला हाय का बाहेरचा?"

सुनेचे हात थांबले. तिला ओसरीवरून मोबाइल दिसत नव्हता, पण तिला कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं. हो म्हण किंवा नको म्हण, असं काहीच त्या नजरेत नव्हतं. ती नुसती वाट पाहत होती.

बाहेरचा होता म्हणणं सोपं होतं. नागपूरकडचे पंच त्या दिवशी आलेलेच होते. शब्द ओठापर्यंत आले. पण पुढच्या रविवारी सर पुन्हा कुठल्या तरी गावात रेषेवर उभे राहणार होते, पुन्हा एखादं पोरगं त्यांच्या पायाशी बोटं ताणणार होतं आणि समोर माझ्यासारखीच कुणी असणार होती. आणि त्यांनी मला आत्ता विचारलं होतं. माझ्याशी ते आजवर कधी खोटं बोलले नव्हते.

"तुम्ही आहात, सर."

त्यांनी मोबाइल खाली घेतला नाही. व्हिडिओ संपला, त्यांनी बोट लावून पुन्हा सुरू केला, तेवढं त्यांना जमलं. मान डावीकडे, उजवीकडे. कुठूनतरी ट्रॅक्टर गेला. सुनेने शेंगांची टोपली बाजूला सारली, पण ती उठली नाही.

"टोपी त माहीच हाय," सर म्हणाले.

मग, "पोट्टे हारले असतीन मंग?"

"हो, सर."

"कुठले होते?"

"जामकडचे."

सरांनी मान हलवली. मोबाइल माझ्याकडे दिला. "टाक ग्रुपवर."

"नको, सर. मी सचिवांना तोंडी सांगते. तुम्ही फक्त यंदापासून—"

"तोंडी कायचं? तुह्यावर इतके दिवस व्हिडिओ चालला. माह्यावर तोंडी काऊन?" त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा चढला, मग खाली आला. "टाक पोरी. मी इथंच बसून हाव."

मला टाकायचा नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. मला सुटायचं होतं, पण असं नाही. मी ग्रुप उघडला, व्हिडिओ निवडला. खाली काय लिहावं ते सुचेना, म्हणून काहीच लिहिलं नाही. बोट दाबलं. अंगणात रेंज कमी होती. ते बारीक वर्तुळ फिरत राहिलं आणि मी मनात म्हणत होते, जाऊ नये, जाऊ नये. सर माझ्या श्वासाकडे कान लावून बसले होते.

तेवढ्यात त्यांच्या शर्टाच्या खिशात फोन वाजला.

"आलं वाटते," सर म्हणाले.